तिसरी पुकार

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

— आणि मी गोठा झाडत होते. रोजच्यासारखीच सकाळ. शेण भरलं, शेळीला पाला टाकला, दोन हंडे पाणी आणलं. शीला चुलीपाशी भाकरी थापत होती. रवी आंघोळ करून आला, डबा उचलला. "अकोल्याले जातो, सांजेपर्यंत येतो." जाताना बायकोला म्हणाला, भाजीत तिखट कमी टाकत जा. दोन वर्षं होतील, रवी परत आला नाही. शीला अजून तिखट कमीच टाकते!

आज हे आठवलं, कारण त्याचा फोन आला. कोर्टातून घटस्फोट झालाच होता. आता अकोल्यातल्या त्या निकिताशी लग्न. आणि तेही आमच्याच मानोऱ्याच्या चर्चमध्ये! "आई, सगळं रीतीनं करून राह्यलो. रविवारपासून पुकार आहे."

रीतीनं!

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिली पुकार. लग्नाआधी तीन रविवार पाळक दोघांची नावं वाचतात आणि विचारतात — कोणाची हरकत आहे का? आजवर कोणी हरकत घेतलेली मी पाहिली नाही. तेवढ्यात लोक दाराकडे आपल्या चपला शोधत असतात.

आज माझ्या पोराचं नाव वाचलं. शीला माझ्या शेजारी. तिनं गीतांचं पुस्तक उलटं धरलं होतं. आणि मीही गप्प!

बाहेर आल्यावर शेजारची तुळसाबाई म्हणाली, "जमाना बदलला बाई. कोर्टच मोकळं करते तं आपण कोण?"

जमाना, जमाना! रवी आणि शीलानं लग्नात मरेपर्यंत सोडणार नाही असं देवापुढं वचन दिलं होतं. ह्यांना तेव्हा ताप होता. तरी खुर्ची नको म्हणाले. मुलाचं वचन होईपर्यंत उभे राहिले. तीन महिन्यांनी गेले. त्यांच्या त्या उभं राहण्याचं मी काय करू?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाळकांकडे जाऊन आले. देवानंद पाळक रवीहून लहान. माणूस वाईट नाही. "मावशी, मी नाई म्हटलं तं ते अकोल्यात कोर्टात लग्न करतीन. मग चर्चमध्ये पाय ठेवणार नाईत. दार उघडं असू द्यावं म्हणतो."

"दार असू द्या उघडं. पण आत काय सांगता ते तं बदलू नका!"

त्यांनी मान खाली घातली. "तुमचं चुकत नाई. पुकारीत मी विचारतो ना — तेव्हा बोला. मी थांबवणार नाई."

म्हणजे पुन्हा माझ्यावरच. खरं काय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते दुसऱ्यानं बोलावं असं सगळ्यांना वाटतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पवित्र शास्त्र काढलं. बोट ठेवून सावकाश वाचलं, मला तसंच येतं. प्रभूनं रीत घालून दिलेली आहे. भावानं अपराध केला तर आधी त्याला एकट्यात सांग. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने. तरी नाही, तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांना, सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला बाहेरचा समज. मी दोन वर्षं नुसती कुढले. पहिलीच गोष्ट केली नव्हती!

रवीला फोन लावला. "शीलाकडं ये. चुकलो म्हण. मग पुढचं बोलू."

तो हसला. "आई, तुले वाचता येते ते मायाच पहिलीच्या पुस्तकातून. आता मलेच शिकवतं काय?"

खरंच आहे. तो पाटीवर अक्षरं गिरवायचा, मी चुलीपाशी राखेत बोटानं. फोन ठेवला.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुसरी पुकार. पुन्हा तोंड उघडलं नाही. अजून दोघांना घेऊन जाणं बाकी आहे, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे भ्याले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तुळसाबाईला आणि तिच्या नवऱ्याला, जगदेवभाऊंना, घेऊन अकोल्याला गेले. तुळसाबाई कुरकुरली, पण आली. निकितानं चहा दिला, पाया पडायला वाकली. मला तिचा राग यायला हवा होता. मी तिला खांद्याला धरून उठवलं.

मी म्हटलं, "रवी, तुयी बायको मायाजवळ आहे."

"होती, आई. कोर्टात झालं ना सगळं."

तेव्हा तुळसाबाई बोलली. तिच्याकडून मला अपेक्षा नव्हती! "कोर्टाले सांगतलं बाबू, पण तिले काय सांगतलं? सांजेले येतो म्हणून गेला होता ना तू?"

निकितानं चटकन त्याच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नसावं. रवी मोबाईल चाळत राहिला. "तुमी लोकं कोण्या जमान्यात राह्यता?"

परतताना एसटीत जगदेवभाऊ म्हणाले, "पोरगी काई वाईट नाई हो. चहात अद्रक होतं."

देवा, असे साक्षीदार!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कापूस वेचता वेचता शीला थांबली. "आई, रविवारी तुमी उभ्या राहासान ना?"

"राहीन."

"मग मलेबी एक सांगाचं आहे."

शेलूबाजारच्या मंडळीत बादल म्हणून आहे. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतो. बायको वारली. त्याच्या आईनं, रुपाबाईनं, शीलाला त्याच्याशी लग्नाचं विचारलं आहे.

"मी अजून हो नाई म्हटलं. तुमी त्याले म्हणसान, पहिली बायको जिती असताना दुसरी कायले. मग मायाबी नवरा जिताच आहे ना? ते वचन मलेबी लागते ना, आई?"

ओटी भरली होती तरी मी कोंबतच राहिले. अर्धा कापूस मातीत सांडला.

तिनं काय पाप केलं? भाकरी थापत बसली होती! आज पहिल्यांदा वचनावरच राग आला. लिहायची लाज वाटते, पण आला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दिवसभर शास्त्र वाचलं. आपल्याला पाहिजे ते सापडावं म्हणून वाचू नये, असं हे म्हणायचे. तसं वाचायचा प्रयत्न केला. अवघड आहे.

प्रेषितानं लिहिलं आहे — विश्वास नसलेलं माणूस सोडून जात असेल तर जाऊ द्या, मागं राहिलेल्याला बंधन नाही. तुळसाबाईला दाखवलं. म्हणाली, "मग झालं ना! कायले रडते?"

झालं कसं? रवीला विश्वास नाही असं कोणी म्हणावं? त्याच्या बाप्तिस्म्याचा पांढरा सदरा मी हातानं शिवला आहे. उद्या त्यानं मंडळीचं ऐकलं, तर तो आमचाच. नाही ऐकलं तर प्रभूनं सांगितल्याप्रमाणे तो बाहेरचा. आणि मग शीलाला बंधन नाही.

म्हणजे तिची वाट मोकळी व्हायची तर माझ्या पोराला मीच बाहेरचा म्हणायचं. आईनं! पाळक म्हणतील मनाला लावून घेऊ नका. जमाना म्हणेल पोरगा आणि सून, दोघांनाही सोडून द्या, काय बिघडतं. मला तसं सोडता येत नाही. दोघांपैकी कोणालाच.

त्यानं ऐकावं म्हणून प्रार्थना केली. मनापासून केली.

रविवार, २३ नोव्हेंबर

तिसरी पुकार. रवी आणि निकिता पुढच्या बाकावर. पाळकांनी विचारलं. लोक चपलांकडे पाहू लागले.

मी उभी राहिले. "माझी हरकत आहे. मी ह्याची आई. ह्यानं देवापुढं दिलेलं वचन मोडलं आणि बायकोला एक शब्द सांगितला नाही. ती इथं बसली आहे. त्यानं तिच्यासमोर यावं."

"आई, बस. लोकं पाहून राह्यले."

बसले नाही. पाळकांनी कागदाची घडी केली. आवाज बारीक झाला होता, पण बोलले. "रविकांत, मंडळी थांबली आहे. शीलाताईशी बोल. त्याशिवाय मी ही पुकार पुरी करत नाई."

रवी उठला. आमच्या बाकापर्यंत आला. मला वाटलं, थांबतो! निकितानं मागून त्याची बाही धरली होती, तीही थांबवतच होती. त्यानं बाही सोडवली. शीलाकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात चपला घातल्या आणि गेला. मंडळीचंही ऐकलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

शेण भरलं. भाजी मी केली, तिखट भरपूर टाकलं. मग शीलाला घेऊन शेलूबाजारला बादलच्या घरी गेले. रुपाबाईनं खाट टाकली, पाणी दिलं, विचारलं, "सासू म्हणून आल्या काय?"

म्हटलं, "नाई. पोरीची आई म्हणून आले."