निळ्या पेन्सिलीचे गुण

७ डिसेंबर १९६१, अमरावती

तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनात अकरा दिवस टिकलो. सरकीची पोती शिवायचं काम. सुतळी संपली म्हणून आणायला निघालो, वाटेत माकडवाला दिसला, त्याच्यामागं दोन गल्ल्या गेलो. परत आलो तर माझ्या जागी दुसराच बसलेला. मग सरळ घरी.

दादा शाळेत शिकवायला गेलेला, बरं झालं. वहिनीनं पाणी दिलं अन् हळूच म्हणते, "नवीन पुस्तक आलं हाये, भाऊजी. विहिरीतल्या सवतीचं." जेवण तसंच झाकलेलं राहिलं. खिडकीला घोंगडी, दाराला कडी. दादा साडेपाचला येतो. तोवर आमचं राज्य.

११ डिसेंबर

वाचतो मी. वहिनी (पुढं नुसतं व.) शेंगा फोडते. सवत विहिरीतून वर यायला लागली की तिचा हात सुपातच थांबतो. "थांबा ना जी, जराशीक घोंगडी सरकवा." मी नाही सरकवत. ती भ्याली की मला दुप्पट मजा.

पुस्तकं ती शेजारच्या मावशीच्या नावावर वाचनालयातून आणते. दादाला पत्ता नाही. लागला तर... पाच वर्षं झाली. मॅट्रिकचं वर्ष, बाबा जाऊन दोन महिने. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात असलीच एक भुताची कादंबरी दादाला सापडली. सकाळी ती चुलीत गेली अन् मला पायताणानं मार, ओसरीत, सगळी आळी बघत असताना. परीक्षेला बसलोच नाही. तेव्हापासून माझं असंच, आज इथं उद्या तिथं.

म्हणून ही दुपारची चोरी गोड लागते.

१४ डिसेंबर

या वाचनालयाच्या पुस्तकांत एक वल्ली भेटते. आमच्या आधी वाचून जाते अन् निळ्या पेन्सिलीनं छपाईच्या चुका दुरुस्त करते. कडेला शेरे. "प्रेताला घाम येत नाही." "कंदील मागच्या पानावर विझला होता, पुन्हा कोणी लावला?" अन् शेवटी चक्क गुण! सवतीला दहापैकी सहा. "भूत बरे. शेवट घाईत."

व. हसून हसून लोळली. मी म्हटलं, कोणीतरी मास्तर दिसतो.

"असन कोनी खडूस! बायको कशी नांदत असन बिचारी!"

२० डिसेंबर

बाळापूरला गेलो होतो. किल्ला बघायचा म्हणून. किल्ल्यात अर्धा तास, बाकी पाच दिवस एका सतरंजी विणणाऱ्याच्या मागाशेजारी बसून काढले. अजून राहिलो असतो, पण नवं पुस्तक अर्धं टाकून आलो होतो. मुंडकं पेटीत आहे की नाही ते कळायचं होतं.

व.ला विचारलं, पुढचं वाचलं का?

"एक पान नाई वाचलं, तुमच्या गळ्याची आन."

जगात एक माणूस आपल्यासाठी पान धरून बसतं. बरं वाटलं.

५ जानेवारी १९६२

दादा सकाळी कवायतीच्या गडबडीत पिशवी विसरून गेला. मी बॅटरीचा सेल शोधत होतो. कशाला, ते आठवत नाही. पिशवीत चाचणीचे पेपर. वरच्याच पेपरावर निळ्या पेन्सिलीनं: "उत्तर बरे. शेवट घाईत. ६."

खाली वर्तमानपत्राचं वेष्टन घातलेलं पुस्तक. आम्ही अजून न वाचलेलं. आत वाचनालयाचं कार्ड, दादाच्या नावाचं. चाळिसाव्या पानावर साध्या पेन्सिलीनं, खोडता येईल असं बारीक लिहिलेलं: "इथे गजू घाबरेल. तू आधी ओरड."

गजू म्हणजे मी.

व. दारात उभी. हात पिठाचे.

"कदीपासून?"

"पयल्या दिवसापासून." मग म्हणे, "तुमी घरी आले का चौथ्या दिवशी गायब. मीच त्याईले म्हटलं, हे पुस्तकापायी तरी रायतील. ते म्हने, वाचू दे, पन माह्यं नाव काढू नको."

"अन् तुमचं भ्येव?"

"थोडंसं खरं होतं."

कुठलं, ते मी विचारलं नाही. "अन् त्या खडूसले हसत होतो आपण, ते?"

"तेई सांगत होती मी त्याईले. ते बी लय हसत."

म्हणजे संध्याकाळी मी चौकात भटकत असे, अन् इथं दोघं बसून माझ्या दुपारींवर हसत असत. गळ्याची आन! कपडे न घेता निघालो. ते पुस्तक मात्र उचललं.

९ जानेवारी, अकोला

मित्राच्या खोलीवर. जिनात पुन्हा पोती. पुस्तक वाचून काढलं. एकट्यानं. कुठंच भीती वाटली नाही. चाळिसाव्या पानावर तर मुळीच नाही. ज्या पुस्तकापायी मला मारलं तसलीच दादा स्वतः... जाऊ दे.

२१ जानेवारी

रविवार. दादा आला. येऊन जिनाच्या फाटकाशी उभा. स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. चहा बशीत ओतला, प्यायला नाही.

"वाचनालयवाले मागून राहिले ते पुस्तक."

"देईन."

"वाचलं?"

"नाही." (खोटं. आता माझी पाळी.)

मग विचारलंच. त्या वर्षी मारलं काहून?

तो म्हणे, "बाबा गेले होते. सगळे माह्याकडे पाहून राहिले होते. तू पास व्हायले पाह्यजे होता, गजू." मग बशीकडे बघत, "ते चुलीत घालाच्या आधी, रातभर अर्धं वाचलं होतं मी. शेवट राहिला. तो हुडकतच वाचनालयात जाऊ लागलो. पुस्तक काई सापडलं नाई."

तो शेवट मला पाठ आहे. सांगितला नाही.

बसमध्ये चढताना म्हणे, "तुही वहिनी बुधवारी माहेरी जाते तिवस्याले. आठ दिवस मी एकटाच हाओ घरी." ये म्हणाला नाही. येऊ नको, हेही नाही.

२४ जानेवारी

आज बुधवार. मुकादम विचारतो, हंगामभर राह्यतो का, आजच सांग. दुसरा तयार उभा आहे. म्हटलं, सांजेला सांगतो.

दिवसभर जागेवरून उठलो नाही. सत्तावीस पोती. डोक्यात एकच: वहिनी खरंच तिवस्याला गेली असेल का? की हेही दोघांनी बसून ठरवलं, "असं म्हण, म्हणजे गजू येईल"? पूर्वी असली शंका शिवली नसती. कोणी एकटं आहे म्हटलं की निघालो असतो, पोतं अर्धं शिवलेलं टाकून.

मुकादम इकडंच येऊन राहिला.