रविवारची चार अंडी

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार

पिशोरच्या माझ्या वन्सं भामाबाई यांना धाकट्या भावजयीचा, मनकर्णाचा, प्रभूच्या नावात सलाम. गुडघा कसा हाय? तेल जिरवून चोळत जा, नुसतं वरवर फिरवू नका. आम्ही इथं सुखरूप. मी तर लई आनंदात हाय, फक्त घास घशाखाली उतरत नाय, आन् त्याचं कारण तुमची कोंबडी.

तुम्ही नाताळात दिलेली तांबडी. तिचा दोष नाय (थोडा हाय). झालं असं, आमच्या महिला मंडळात धमतरीहून मेनोनाईट चर्चच्या मंडळीतल्या एक बाई आल्या. (साडी फिकट जांभळी होती, केवढ्याला घेतली ते विचारायचं राहिलं.) त्यांनी सांगितलं, त्यांच्यातल्या जुन्या बाया रविवारचं अंडं घरात ठेवत नव्हत्या, मिशनच्या कामाला देत. माझा ऊर भरून आला. सगळ्यांच्या आधी उभी राहिले आन् बोलून बसले, तांबडीचं रविवारचं अंडं आजपासून प्रभूचं. आता ही बया सोमवारी घालती, बुधवारी घालती, शनिवारी तर ओरडून गल्ली गोळा करती. रविवारी नाय म्हंजे नाय. चार रविवार मी खुराड्यापुढं बसून उपासनेला उशिरा गेले, ते बी रिकाम्या हातानं. शनिवारचं न्यावं तर खोटेपणा झाला असता. म्हणून पाचव्या रविवारी सकाळी दुकानातून अंडी विकत आणली. रविवारी आणलं ते रविवारचंच, व्हय का नाय? पांढरी दिसू नयेत म्हणून गार चहात बुडवून ठेवली (देवाला रंगाचं काय, पण चर्चच्या पाळकीणबाईंना दिसतं). मागचे रविवार भरून निघावेत म्हणून चार नेली. टाळ्या पडल्या. एका कोंबडीनं एका दिवशी चार अंडी घातली, हे घरी येईपर्यंत माझ्याबी ध्यानात आलं नाय. आमच्या मंडळीत विश्वास लई.

वाटलं, अंडी विकतील आन् प्रकरण मिटंल. तर पाळकीणबाई सरिताबाईंनी सगळी अंडी आपल्या एकुलत्या एका खुडूक कोंबडीखाली टोपलीत उबवायला ठेवली, एकेकावर पेन्सिलीनं देणारीचं नाव घालून. पिल्लं मिशनची नर्स रूपाली सिल्लोडकडच्या एकट्या बायांना नेऊन देणार. माझ्या नावाची चार रत्नमालाला. तिचा नवरा गेल्या साली वारला, घरात हातभार लावणारं कुणी नाय. तिनं खुराडं बांधून, वर पत्रा टाकून ठेवलाय, आन् रूपालीजवळ मला निरोप धाडलाय की पहिल्या पिल्लाला मनकर्णाच म्हणणार. वन्सं, ती दुकानाची अंडी, कोंबड्याचं तोंड न बघितलेली. त्यातून काय निघणार? पिल्लं निघायचा एकविसावा दिवस येत्या रविवारी हाय. उपासना झाली की टोपली सगळ्यांपुढं आणायची हाय. रत्नमालाबी यायची हाय.

घरात सगळ्यांना माझा सलाम, लहानांचे मुके.

तुमची
मनकर्णा

ता. क. : गुडघ्याची चौकशी खरीच हाय. पण तुमच्याकडं नुकती निघालेली पिल्लं असतील तर चार पाठवा. हे पत्र तुमच्या राजकुमारच्या हाती देते, तो शुक्रवारी चितेगावच्या कंपनीतून गावी येतोच (फोन केला असता, पण आमच्या घरात सगळ्यांना ऐकू जातो). शनिवारी त्यालाच एसटीनं परत धाडा. पिल्लांच्या खोक्याला भोकं पाडा. शनिवारी पाळकीणबाईंच्या कोंबडीला दाणे टाकायची पाळी माझी हाय, पुढचं मी बघते.

आणखी ता. क. (शुक्रवार सकाळ) : रत्नमालाचं ते खुराडं डोळ्यापुढून हलंना, म्हणून आत्ता पाळकीणबाईंकडं जाऊन सगळं सांगून टाकलं. रडले बी. त्यांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आन् हळूच म्हणाल्या, "मनकर्णाबाई, चहाचा रंग टिकत नाही. कांद्याच्या साली उकळायच्या, पाणी गार झालं की त्यात बुडवायची." तेव्हा माझ्या डोक्यात आलं, खुडूक बसलेली कोंबडी अंडं देत नाय, आन् त्या टोपलीत पाळकीणबाईंच्या नावाची पाच हायेत. तर वन्सं, चार नको, नऊ पाठवा.