सहाणेवरचा मासा

नांदेड, शुक्रवार, शाळेला सुट्टी

आत्याचा माधव मद्रासेला समुद्रातल्या माशांचा अभ्यास करतो. काल टपालानं त्यानं माशाच्या कानातलं हाड पाठवलं, कापसात गुंडाळून. तांदळाच्या दाण्याएवढं. मासा कोणत्या वर्षी किती वाढला ते त्यातल्या वलयांवरून कळतं म्हणे. "पातळ घास, मग दिसेल," असं लिहिलंय. लिहिलंय कसलं, हुकूम सोडलाय! लातूरच्या शाळेत गणितं माझीच उतरवायचा. समुद्र मात्र त्याच्या नशिबी. मी इथं शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर, पोरांना माशाचं चित्र दाखवून राहिलो.

सकाळी आई गोदेवर गेल्यावर देवघरातली सहाण घेतली. आमच्या घरात मासळीचं नावही चालत नाही, तरी घेतली. हाड घासून भिंगाखाली धरलं. दोन वलयं! पहिलं चांगलं रुंद. इतकं देखणं की अंगाचा तिळपापड झाला. हे तो रोज बघतो? तिथंच थांबायला हवं होतं. नाही थांबलो. हौस होती की राग, कोण जाणे. घासत गेलो, बोटाखाली काहीच उरलं नाही. ते रुंद वलयही गेलं.

तेवढ्यात आई आली. सहाण धुवायचं सुचलं नाही, की धीर झाला नाही? तिनं तशाच सहाणेवर गंध उगाळलं.

"माधव लई शिकला बघ," म्हणाली. "तू हितंच राहिलास."

देवाला गंध लावलं, मग मला.

माधवला कळवलं, पाकीट रिकामंच पोचलं. संध्याकाळ झाली, त्याचा मासा अजून माझ्या कपाळावर आहे.