खिडकी उघडी ठेवण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्म्याच्या काचा घासणारा, परवा फुप्फुसाच्या ऑपरेशनला जाण्यापूर्वी हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मात्र मी फार घाबरलो आहे. अक्षर कापरे आले तर त्याचा दुसरा अर्थ काढू नये.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. यात कोणी नाक खुपसू नये.

२. काचा घासायचे यंत्र व भिंगे भाचीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

३. पुढच्या खोलीतील खाऱ्या पाण्याची टाकी, प्रवाळ व माशांसह, मुलीला. पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ राखावा. दिवे बंद असताना तो थोडा उतरतो, तेवढ्याने धीर सोडू नये. फारच उतरला तर चुन्याची निवळी थेंबथेंब सोडावी. घाईने ओतल्यास प्रवाळ मरतात. पण सर्वांत आधी खिडकी उघडावी. हे कोणी हसण्यावारी नेऊ नये, म्हणून कारण लिहितो.

मागच्या थंडीत निवळी सोडूनही पीएच उतरतच होता. त्याच दिवसांत हिचे डोके सारखे दुखे. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ते मासे विकून टाक. वहिनीचं निम्मं दुखणं जाईल." मुलगी माहेरी आली होती. तिने सकाळी टाकीजवळची खिडकी उघडली. दुपारी आकडा वर आलेला.

"बाबा, पाण्यात काहीच घातलं नाही. मग घरातली हवाच खराब असेल. आई कुठाय?"

ही न्हाणीघरात होती. हाका मारल्या, ओ नाही. धाकट्याने खांद्याने दार तोडले. ही फरशीवर पडलेली. तिला उचलून तो जिना उतरला. मी दारातच उभा राहिलो.

ही वाचली. पुढे कळले की न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या धुराचा पाइप गॅलरीत सुटत होता, आणि ती गॅलरी धाकट्याने माझे न ऐकता काचांनी बंद केली होती, वहिनीला वारा लागू नये म्हणून. धूर घरातच फिरे. त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरून पीएच पाडत होता आणि विषारी वायू हिच्या रक्तात भिनत होता.

४. म्हणून गॅलरी पुन्हा कोणीही बंद करू नये. तेव्हापासून कोणी दार लोटले तरी मी उठून ते उघडतो. परवा तर तोंडावर मास्क लावून झोपवणार आहेत. जाग येईल का, हे विचारायचा धीर मला डॉक्टरांपुढे झाला नाही.

५. धाकट्याला मी काही देत नाही. गॅलरीच्या काचा त्याने स्वतः उतरवल्या, पण "चुकलं" म्हणाला नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

एवढे लिहिले तोच हिने मागून वाचले. "त्यानं मला उचलून नेलं, ते लिहिलंत?"

"लिहिलं."

"मग परवा तुम्हाला कोण नेणार?"

हिने फोन लावून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मला भीती वाटतेय रे." तो म्हणाला, "दादा, त्या काचा आठवून मी रोज घाबरतो. येतो मी."

६. ऑपरेशनच्या दारापर्यंत धाकट्याने माझ्यासोबत यावे. मी परतलो नाही, तर हिला घरी त्यानेच आणावे. कलम पाच रद्द.

सही: काचवाला
साक्षीदार: समोरचा शिंपी, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका. दोघांनी माझ्यासमोर सही केली.
स्थळ: पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी