वैधव्याचं वस्त्र

प्रिय एल्दाद,

हे पत्र घेऊन हग्गीथ येईल. तिच्या मेंढ्या खोऱ्याच्या तोंडाशी चरतात, आणि गावाबाहेर काढलेल्या तुम्हा लोकांची तिला भीती वाटत नाही. मी विचारलं तर म्हणते, "सत्तरी आली माझी. कुठला रोग मला धरायला घाई करणार आहे?" तुला वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या गुहेतले ते म्हातारे लेखनिक तुला वाचून दाखवतील. त्यांना सांग, मधलं काही गाळायचं नाही. जिथे मी चिडले आहे तिथे तर मुळीच नाही.

आधी आनंदाची बातमी. आपली लेक कसीया बाळंत झाली. मुलगा आहे. दोन दिवस पोर तळमळत होती, तिसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा सुटली. सुईणीने बाळाला मिठाने चोळलं, तेल लावलं आणि गुंडाळायच्या पट्ट्यांसाठी माझ्यापुढे हात केला. मी दिल्या. कापड हातात घेतलं आणि ती थांबली. ती लोकर मऊ होती, वापरून वापरून मऊ झालेली, आणि तिला तुझ्या रंगाच्या हौदाचा तो जुना डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग होता. "यरूशा, हे कापड कुणाचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "त्याच्या आजोबांचं." तिने हात असा मागे घेतला जसा काही विंचूच दिसला. बाळ उघडंच, थंडीने मुठी आवळून रडतंय, आणि ही बाई भिंतीला टेकलेली. मी म्हटलं, "हा अंगरखा याजकाने सात दिवस कोंडून ठेवला होता. हिरवा डाग नाही, तांबडा डाग नाही. स्वच्छ आहे म्हणून त्यानेच सांगितलं. तू याजकाहून शहाणी असशील तर तसं सांग, नाहीतर गुंडाळ." तेव्हा कसीया खाटेवरून म्हणाली, "आणि घट्ट गुंडाळ, मावशी. आजोबा नाहीत, निदान त्यांची ऊब तरी मिळू दे." मग सुईणीने गुंडाळलं. आपला नातू आत्ता तुझ्याच अंगरख्यात झोपला आहे.

तुला वाटत असेल, अंगरखा राहिला कसा. इद्दोने तर तुझे सगळे कपडे जाळले होते. तो एक मी लोकरीच्या टोपलीखाली ढकलला होता. त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही, कारण त्या दिवसानंतर आपण बोललोच नाही. आज बोलते. तीन वर्षांपूर्वी, वल्हांडणाच्या सणाआधी, तुझ्या मनगटावर मसुराएवढा पांढरा ठिपका आला. तू म्हणालास, चुन्याच्या पाण्याने झाला असेल, रंगाऱ्याच्या हातावर काय काय होतं. मग दुसरा आला, मग कोपरापर्यंत. याजकाने तुला सात दिवस कोंडलं, पुन्हा सात दिवस कोंडलं, आणि वेशीपुढे उभं करून अशुद्ध ठरवलं. अशुद्ध माणसाने कपडे फाडायचे, केस मोकळे सोडायचे, ओठ झाकायचे आणि गावाबाहेर राहायचं. तू गळ्याशी हात घातलास आणि ओढलंस. फाटेना. तुझ्या अंगातला तो दुसरा अंगरखाही मीच एका हिवाळ्यात विणलेला, ताणा असा पीळदार की नख शिरणार नाही. तू पुन्हा ओढलंस. लोक बघत होते, कुणीतरी हसलंसुद्धा. तू माझ्याकडे बघितलंस, आणि त्या बघण्यात एवढी शरम होती की माझं काम मी इतकं पक्कं का केलं, असं मला वाटलं. शेवटी इद्दो पुढे झाला आणि त्याने सुरीने चीर दिली. तुझा सख्खा भाऊ. कापड फाटताना जो आवाज झाला तो मला अजून मागावर बसले की ऐकू येतो.

तू खोऱ्याकडे गेल्यावर चाळीस दिवसांनी इद्दो वैधव्याचं वस्त्र घेऊन आला. काळपट, खरखरीत, कुणी विणलेलं होतं कोण जाणे, ताणा सगळा ढिला. म्हणाला, "वहिनी, हे घाल. लोक नावं ठेवतात." मी म्हटलं, "नवरा जिवंत आहे माझा." तो म्हणाला, "आहे, पण गणतीत नाही." मी म्हटलं, "मी गणते." तो वस्त्र उंबऱ्यात ठेवून गेला. दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गाढवाच्या पाठीला खोगीर घासत होतं, तेव्हा ते घडी करून खोगिराखाली घातलं आणि पाणी आणायला विहिरीवर गेले. बायकांनी ते कापड ओळखलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, "यरूशाचं गाढव विधवा झालं." हसले सगळे. इद्दो मात्र महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मला माझा सणाचा झगा रोज घालावासा वाटे, पण रोज घालायला तो एकच. म्हणून साधा निळा घालत राहिले, डोक्याला लग्न झालेल्या बाईचं फडकं बांधत राहिले, आणि दर आठवड्याला भाकरी, जैतून आणि दही घेऊन खोऱ्याच्या त्या सपाट दगडापर्यंत येत राहिले. तू मी गेल्याशिवाय गुहेतून बाहेर येत नाहीस हे मला कळत होतं. एकदा मी टेकडीआड बसून राहिले. उन्हात दोन घटका. तू आलाच नाहीस. तू माझ्याहून हट्टी आहेस, हे मान्य.

मागच्या महिन्यात हग्गीथ लोकर द्यायला आली. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझा नवरा पार बदललाय गं. डोक्यापासून तळपायापर्यंत पांढरा. भुवयासुद्धा. जखम नाही, चट्टा नाही, जसं दूध ओतलंय अंगावर." मी मागावरच बसले होते. हातातला धोटा खाली पडला. आधी मी रडले, कारण मला वाटलं आता संपलं. हग्गीथ बिचारी माझी पाठ थोपटत बसली. आणि रडता रडता मला वडिलांचा आवाज आठवला. ते नियमशास्त्राची नक्कल करायचे, मी शेजारी शाई घोटायचे, आणि ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायचे, म्हणजे चूक होऊ नये. महारोगाच्या कलमांना मी नेहमी घाबरायचे, म्हणून ती मला चांगली पाठ आहेत. अंगावर थोडं पांढरं असेल आणि ते पसरत असेल तर माणूस अशुद्ध. पण सगळं अंगच पांढरं झालं असेल, कुठेही रंग उरला नसेल, तर याजकाने त्याला शुद्ध म्हणावं. एल्दाद, शुद्ध. असं तिथे लिहिलेलं आहे. मी रडायची थांबले ती थांबलेच.

दुसऱ्या दिवशी गाढव घेऊन हेब्रोनला गेले. याजक ओसरीत बसला होता. मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, नियमशास्त्र तुला कोण शिकवतं?" मी म्हटलं, "माझे वडील लेखनिक होते." तो म्हणाला, "मग त्यांनी तुला हेही शिकवायला हवं होतं, की नियम बायकांनी याजकांना सांगायचा नसतो." मी म्हटलं, "मी सांगत नाही. तुमच्याच नियमशास्त्राच्या गुंडाळीत आहे, तुम्ही वाचा." त्यावर त्याने कापणीचं काम आहे, पाय दुखतो, खोऱ्यात उतरणं जमणार नाही, असं सगळं काढलं. शेवटी म्हणाला, "तीन वर्षं गेली. गावाला सवय झाली. तूही कर." मी परत आले. वाटेत भांडायला गाढवाशिवाय कुणी नव्हतं.

मग मी आपल्या गावच्या वेशीत, जिथे वडीलजन न्याय करायला बसतात, तिथे जाऊन बसले. आपल्या लग्नाच्या वेळचा तो तांबडा झगा घातला, मंजिष्ठेत तूच तीनदा बुडवून रंगवलेला, आणि डोक्याला झालरीचं फडकं बांधलं. हे मी मुद्दाम केलं. बायका म्हणाल्या, गोणपाट घालून जा, डोक्यावर राख टाक, वडीलजनांना पाझर फुटेल. मला पाझर नको होता. गोणपाट घालून गेले असते तर दया मागावी लागली असती. बायको म्हणून गेले, म्हणून न्याय मागता आला. चाती आणि लोकर घेऊन मी वेशीच्या मधोमध बसले, सूत काढत. येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या बाजूने जावं लागे. पहिल्या दिवशी वडीलजनांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी इद्दो आला. "वहिनी, घरी चल. का आमची शोभा करतेस?" मी म्हटलं, "तुझा भाऊ शुद्ध आहे. त्याला आणायला हवं." तो खाली बघत म्हणाला, "तू सुखात नाहीस का? हौद मी चालवतोय, धान्य घरात येतंय. कशाला हवं आहे हे?" आणि मग, मला खरंच वाटलं नव्हतं असं काही होईल, तो तिथेच धुळीत माझ्यापुढे बसला. चांगला दाढीवाला पुरुष, लोक बघताहेत. हळूच म्हणाला, "सुरी मी चालवली. त्याचा झगा स्वच्छ होता तरी मी जाळला, वहिनी. मला भीती वाटली. आता त्याला काय तोंड दाखवू?" मी एवढे दिवस समजत होते की त्याला तुझे हौद हवे आहेत. माझं चुकलं. तू त्याच्यावर रागावशील तर रागाव, तो तुझा हक्क आहे. पण हे त्याने मला सांगितलं, तेव्हा मी चाती खाली ठेवली आणि माझ्या पाण्यातलं अर्धं त्याला दिलं.

तिसऱ्या दिवशी इद्दो माझ्या शेजारी उभा राहिला. मग मात्र वडीलजनांना बघावं लागलं. त्यांच्यातले सगळ्यात वृद्ध शमाया म्हणाले, "ही बाई सूत काढून काढून वेस बंद करील. त्या याजकाला बोलवा आणि येताना गुंडाळी आणायला सांगा." याजक आला, पाय न दुखता आला. त्याला सगळ्यांसमोर वाचायला लावलं. त्याने मसुराएवढ्या डागापासून सुरुवात केली आणि मुद्दाम सावकाश वाचलं. मी मनात त्याच्यापुढे होते, ओळ यायच्या आधी मला ओळ येत होती. आणि ती आली. सगळा पांढरा झाला असेल तर तो शुद्ध. शमायांनी कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणाला?" याजकाला ते दुसऱ्यांदा वाचावं लागलं, मोठ्याने. माझ्या आयुष्यात मी कुठल्या म्हाताऱ्याच्या बहिरेपणावर इतकं प्रेम केलं नाही.

आता नीट ऐक, कारण पुढचं तुझ्या हातात आहे. नवा चंद्र दिसेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याजक खोऱ्यात येईल, सपाट दगडापाशी. शमाया आणि इद्दो साक्षीला असतील. त्याच कलमात पुढे असंही आहे, की अंगावर कुठे जिवंत मांस दिसलं, लालसर ओली जखम दिसली, तर पुन्हा अशुद्ध. याजक तेवढंच शोधायला येणार आहे, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. म्हणून तोवर काट्यातून सरपण आणू नकोस, दगड फोडू नकोस, खाजवू नकोस. अंगावर ओरखडा येता कामा नये. तो आला की लपू नकोस. ते फाटकं काढ आणि उभा राहा. पुढचे विधी, कपडे धुणं, केस काढणं, सात दिवस थांबणं, ते सगळं होईल. गावात तू आलास की लोक बघतील, पोरं मागे लागतील. बघू देत. पांढरा नवरा मला चालतो.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहिलं. कसीयाच्या बाळंतपणाच्या आदल्या दिवशी तुझी सोडचिठ्ठी मिळाली. हग्गीथने दिली, तेव्हा साक्षीला फक्त मेंढ्या होत्या. लेखनिकांचं अक्षर सुंदर आहे, त्यांना सांग. "तू मोकळी आहेस, हव्या त्या पुरुषाची हो," असं तू लिहवून घेतलंस. माझ्या भल्यासाठी, हे मला कळलं. पण मला विचारल्याशिवाय, हेही कळलं. तीन वर्षं गाव मला विधवा करू बघत होतं, ते जमलं नाही, आणि शेवटी तूच ते करायला निघालास. मी ती चार दिवस घरात ठेवली. मग परातीत पाणी घेतलं, ती ज्या कातड्यावर लिहिली होती ते त्यात बुडवलं आणि अंगठ्याने चोळलं. शाई काजळीची होती, सगळी निघाली. पाणी डाळिंबाच्या मुळाशी ओतलं. कातडं दगडाखाली ताणून वाळवलं. एल्दाद, तुझ्या लेखनिकांच्या हातात आत्ता तेच आहे. उन्हाकडे धरलंत तर खाली तुझ्या शब्दांची पुसट रेघ दिसेल. वर माझे आहेत, आणि उत्तर तेवढंच आहे.

तुझीच, आणि आणखी कुणाचीही नाही,
यरूशा