डाव्या बाजूचा स्पीकर

५ जानेवारी, रविवार
टीव्ही नवा घेऊन चार महिने झाले, आवाजाची बोंब तशीच. सगळे नट तोंडात सुपारी धरून बोलतात. शोभा आज पुन्हा ओरडली, "अहो, खालच्या गल्लीपर्यंत जाऊन राह्यला आवाज, कमी करा." कमी केला की मला काही कळत नाही. तिला मात्र सगळं कळतं. बायकांना मालिका ऐकायची गरजच नसते, पुढचं आधीच ठाऊक असतं.

ठरवलं. होम थिएटर घ्यायचं. रिसीव्हर, पाच स्पीकर, एक वूफर, वरच्या खोलीत. चौतीस वर्षं लोकांची इंजिनं ऐकली, आता काहीतरी स्वतःसाठी ऐकू.

हमीदला फोन केला. मेहकरात रेडिओपासून लग्नातल्या साउंडपर्यंत त्याने उघडून पाहिलं नाही असं काही नाही, आणि शाळेपासून आपला माणूस. त्याने आधी टीव्हीचा आवाज किती ठेवतो ते विचारलं. मग म्हणे, "पक्कं ठरवलं का बे? बरं. अकोल्याले जाऊ. तुह्या मनासारखं पाहू."

आणखी एक. दुसरबीडच्या सांगळ्यांनी ट्रॅक्टर दुसऱ्या मिस्त्रीकडे टाकला. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. गॅरेजातल्या गणेशला विचारलं, काऊन गेले? तर म्हणे, "त्याईले तिकडचं जवळ पडते भाऊ." म्हणजे बावीस वर्षांनी दुसरबीड जागचं हललं. माणूस तोंडावर सांगत नाही, पाठ फिरवून जातो. ते लागलं.

८ जानेवारी, बुधवार
हमीदने माहितीपत्रकं आणून दिली. वाचून डोकं उठलं. वॅट म्हणजे आपला हॉर्सपॉवर, एवढं समजलं. जास्त वॅटवर भाळायचं नाही. जास्त हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेऊन दोन एकर नांगरणारे पाहिलेत. हमीद म्हणतो आपल्या खोलीला पाच नि एक पुरे, सातची भानगड नको.

लोक गाणं लावून स्पीकर घेतात. गाणं फसवतं. गाण्यात खोट कुठे आहे ते मला काय कळणार? म्हणून आज गॅरेजात आलेल्या एका ट्रॅक्टरचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. टॅपेट सैल आहे, बारीक टकटक येते. जो स्पीकर ती टकटक जशीच्या तशी देईल तो माझा.

गणेशला हसू आलं. अठरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, आता दोन पोरांचा बाप, तरी दात काढतो. त्याला काय सांगू. लांब पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक इंजिनला, मूठ डाव्या कानाला, आतला आवाज दांडीतून येतो, एवढीच माझी विद्या. आमच्या गॅरेजचा नियमही तोच, माझ्या उस्तादांपासूनचा: मिस्त्रीने एकदा कान लावला की त्या इंजिनला दुसऱ्याने लावायचा नाही.

१२ जानेवारी, रविवार
अकोला. हमीदची व्हॅन. वाटेत नाश्त्याला बसलो तर पठ्ठ्या मध्येच उठून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. "तिकडं पंख्याचं वारं लागते." जानेवारीत पंखा! होता खरा चालू, एक लांब कोपऱ्यात.

दुकानात ऐकायची वेगळी खोली. भिंतीला गाद्या लावलेल्या. विकणाऱ्याने झकास गाणं लावलं. मी म्हटलं, गाणं राहू द्या, हा पेनड्राइव्ह लावा. ट्रॅक्टर सुरू झाला तसा तो माझ्याकडे पाहतच राहिला. हमीद म्हणे, "चालू द्या, तो डॉक्टर हाये इंजिनाचा."

पहिला सेट: टकटक भरडल्यासारखी. नको.
दुसरा: टकटक आहे, पण उजवीकडे सरकलेली. हमीदने माझी खुर्ची डावीकडे ओढली. "इथून पाह्य." इथून बरं.
तिसरा: समोरचे दोन उंच, लाकडी. टकटक स्पष्ट. जरा उजवीकडेच, पण स्पष्ट. घेतला.

रिसीव्हरवर हमीद अडून बसला. दर स्पीकरची लेव्हल वेगळी करता आली पाहिजे म्हणे. विकणारा म्हणाला, "सगळ्यातच येते भाऊ." हमीद खोका उलटून मागचं वाचत राहिला. मी मनात म्हटलं, याचंही वय झालं, एवढं माहीत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
जोडणी. हमीद सकाळपासून वायरी ओढत होता. मग माझ्या खुर्चीच्या जागी एक छोटा माईक उभा केला, सगळ्यांना बाहेर काढलं. आत रिसीव्हर एकेका स्पीकरमधून घूंऽ घूंऽ करत खोली मोजत होता. आपल्याला आवडलं. आधी तपासणी, मग काम.

मोजून झाल्यावर हमीद म्हणे, "तू खाली जाय, चाय सांग. बाकीचं मी पाहतो." खाली गेलो. वर आलो, बसलो. ट्रॅक्टर लावला, फक्त समोरच्या दोन स्पीकरवर.

टकटक बरोब्बर मधे. छातीसमोर. इंजिन खोलीत आणून ठेवल्यासारखं. कित्येक दिवसांत असं ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. हमीदच्या पाठीवर थाप मारली. तो शोभाकडे पाहत होता आणि शोभा त्याच्याकडे. वाटलं, तेही खूश आहेत.

१९ जानेवारी, रविवार
मेहुणा आला, पिंपळगाव राजाहून. त्याला कौतुकाने वर नेलं, सिनेमा लावला. पाच मिनिटांत म्हणतो, "भाऊजी, हा डावा लय जोरानं येऊन राह्यला. समदं एकाच बाजूनं." शोभा लगेच, "तू खाली चल, पोहे थंडे होऊन राह्यले." पोहे अजून झालेच नव्हते. कढईत फोडणी पडल्याचा वास नंतर आला.

तो गेल्यावर रिमोट घेतला, सेटिंगमध्ये शिरलो. उजवा शून्य. डावा अधिक सात. मागचा डावा अधिक सहा.

माईक उभा केला, पुन्हा मोजायला लावलं. रिसीव्हरने डाव्याला शून्यावर आणलं. ट्रॅक्टर लावला. टकटक गेली उजवीकडे. डावा मेल्यासारखा.

म्हणजे डाव्या स्पीकरमध्ये खोट आहे. हमीदला ठाऊक होतं. मला चहा सांगायला खाली पाठवलं आणि आवाज चढवून खोट झाकली. थकलेल्या इंजिनात जाड ऑइल ओतून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात तसं. आणि मी रडलो त्याच्यासमोर.

जेवलो नाही. शोभा विचारत राहिली.

२० जानेवारी, सोमवार
हमीदच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच बोललो.

"डावा स्पीकर खराब हाये."
"स्पीकर चांगला हाये."
"मंग लेव्हल काऊन वाढवली?"

हातातला सोल्डर बाजूला ठेवला. खाली पाहत बसला.
"बोल ना बे."
"वहिनीले इचार."

बायकोला स्पीकरचं काय विचारू? डोकंच फिरलं. चोर म्हणालो त्याला. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. तो उलटून बोलला असता तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी, मंगळवार
गॅरेजात गेलो नाही. दुपारी शोभा बाजारात गेल्यावर वर बसलो.

एखादं सिलिंडर मिस मारत असेल तर आम्ही काय करतो? त्याचं नोझल काढून शेजारच्याला लावतो. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब. दोष जागच्या जागी राहिला तर सिलिंडर बघा. यात शंभर टक्के कळतं.

उजवा स्पीकर उचलून डावीकडे ठेवला, डावा उजवीकडे. ट्रॅक्टर लावला.
डावीकडचाच बारीक.
म्हणजे स्पीकर चांगले. मग रिसीव्हर.
मागच्या वायरी अदलाबदल केल्या.
डावीकडचाच.
वायर बदलली. पडदा ओढला. खिडकी लावली.
डावीकडचाच.

मग बदलायचं एकच राहिलं. खुर्ची उलटी फिरवली, टीव्हीकडे पाठ करून बसलो.
आता जो इतका वेळ चांगला होता तो बारीक. जो मेला होता तो खणखणीत.
दोष माझ्याबरोबर फिरला.

उठून पुन्हा बसलो. पुन्हा तेच. डाव्या कानाजवळ हाताचं घड्याळ धरलं. उजव्याजवळ धरलं. मग घड्याळ हाताला बांधून टाकलं.

शोभा आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसलेलो. तिने पिशवी जिन्यातच ठेवली. काही विचारलं नाही, त्यावरून कळलं.

२२ जानेवारी, बुधवार
शोभा बोलली. सकाळभर.

दीड वर्ष झालं म्हणे. चालताना ती माझ्या उजव्या बाजूने चालते. जेवताना पाट उजवीकडे. हमीद माझ्या डावीकडे कधी बसत नाही. अकोल्याच्या वाटेवरचा तो पंखा. ती खुर्ची. माझ्याभोवती सगळ्यांनी जागा बदलल्या आणि मला वाटत होतं मी जागच्या जागी आहे.

लेव्हल तिनेच वाढवायला सांगितली. "त्याईले एक डाव नीट आयकू येऊ द्या हमीदभाऊ, मंग पाहू." हमीद नको म्हणत होता.

मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं सोडून मले अकोल्याले स्पीकर घ्यायले नेलं तुम्ही. सहा डबे आणून ठेवले घरात!

"तुमाले कान खराब झाला सांगतलं असतं तर गॅरेज त्याच दिवशी बंद केलं असतं तुम्ही. मंग दिवसभर काय केलं असतं? मी ओळखत नाही का तुमाले?"

बरोबर बोलली. म्हणून जास्त राग आला. नवरा बुडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला पाणीच दाखवायचं नाही.

आणि मग तिच्या तोंडून निसटलं, "गणेश पाहतेच ना मांगून."

मी विचारलं, काय पाहते?

ती भांडी उचलून मोरीकडे गेली.

२४ जानेवारी, शुक्रवार
काल गेलो नाही. आज गेलो. गणेशला म्हटलं, शटर अर्धं ओढ, बस इथे.

"कधीपासून?"
"मागच्याच्या मागल्या पोळ्यापासून भाऊ."
"काय करतं तू?"
"तुम्ही जेवाले घरी गेले का मी कान लावतो."

नियम मोडला. अठरा वर्षांत हातोडी जागेवर न ठेवल्याबद्दल ज्याला शिव्या दिल्या, त्याने हा नियम दीड वर्ष रोज दुपारी मोडला, आणि मी घरी भाजी-भाकरी खात होतो.

सांगळ्यांचं विचारलं. बेअरिंगचा आवाज होता म्हणे. मी कान लावून "काही नाही, न्या" म्हटलं. त्या दिवशी गणेश सुट्टीवर होता. शेतातच इंजिन जाम झालं, ऐन पेरणीत.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"
"तुमचा चेहरा पाहून हिंमत नाही झाली. सांगळे भाऊबी म्हणे, मिस्त्रीले सांगू नका."

घ्या. ज्याचं नुकसान केलं तोही मला सांभाळून घेत होता, आणि मी त्याला पाठ फिरवणारा म्हणून वहीत लिहून मोकळा. मागचं पान फाडणार नाही. राहू दे.

फसवलं कोणी, याची यादी करायला बसलं तर घरदार येतं. कानाचा क्रमांक पहिला. त्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा होता.

एक थ्रेशर आला होता. तुरीचे दिवस, गिऱ्हाईक घाईत. पेचकस हातात घेतला, मूठ सवयीने डावीकडे गेली. थांबलो. उजव्या कानाला लावली. आवाज आला, पण ओळखीचा वाटेना. चौतीस वर्षं उजवीकडून कधी ऐकलंच नाही. शेवटी पेचकस गणेशला दिला, गिऱ्हाइकासमोर. त्याने घेतला, पण माझ्याकडे न पाहता.

२६ जानेवारी, रविवार
वरची खोली बंदच होती. आज उघडली. सगळ्या लेव्हल शून्यावरच आहेत, तशाच ठेवल्या. खोटी बरोबरी नको.

चारच्या सुमारास हमीद आला. दुकानातल्या प्रकारानंतर मी गेलो नव्हतो, जायला हवं होतं. तोच आला. शोभा चहाला लागली. तो वर येऊन नेहमीप्रमाणे माझ्या उजवीकडची खुर्ची ओढायला लागला.

मी म्हटलं, "तिकडं नाही. इकडं बस. काय बोलाचं ते इकडून बोल."
"कायले असं करतं रामदास?"
"बस."

थोडा वेळ उभा राहिला. मग डावीकडे बसला. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा असेल किंवा दीड वर्षात पहिल्यांदा, आता कशाचा भरवसा. मी समोर बंद टीव्हीकडे पाहत राहिलो. मान वळवायची नाही असं ठरवलं होतं.

तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. गुणगुण कळत होती, शब्द नाही. मध्ये एकदा थांबला, पुन्हा बोलला. काचेत त्याचे हात हलताना दिसत होते. चोर म्हटल्याबद्दल बोलत असेल. डॉक्टरबद्दल असेल. सेट परत करण्याबद्दल असेल. मला त्याची माफी मागायची होती, पण तो बोलत असताना मध्ये कुठे बोलायचं तेही कळेना.

मग गुणगुण थांबली. तो माझ्याकडे पाहत होता. काहीतरी विचारलेलं असणार.

मी म्हटलं, "हाव."

तो उठला, माझा खांदा दाबला, चहा न घेताच जिना उतरला.

शोभा ट्रे घेऊन दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. तिने सगळं ऐकलंय. मी कशाला हो म्हणालो ते तिला ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. जेवायची वेळ झाली, अजून तिला विचारलेलं नाही.