सासूबाईंचे शनिवार

प्रिय आई,

सकाळी तुमचं वर्षश्राद्ध झालं. नागपूरहून तुमचे भाऊ आणि वहिनी आले होते, आनंद नगरातले शेजारीही होते. जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, "श्रीकांतराव, जावई म्हणून दोन शब्द बोला." मी उभा राहिलो आणि काय बोललो सांगू? "आई फार प्रेमळ होत्या." झालं, एवढंच! लगेच खाली बसलो. तुमच्या लेकीने, मंजिरीने, पदर तोंडाशी नेऊन हसू दाबलं.

काय करणार? मामांसमोर कसं सांगायचं, की त्यांच्या ताईने आपल्या दारुड्या जावयाला माणसांत आणलं? त्यांना कशाचाच पत्ता नाही. तुम्हीच लागू दिला नव्हतात. आता सगळे आडवे झालेत, घर शांत आहे. जे सकाळी तोंडातून निघालं नाही, ते लिहून टाकतो.

दहा वर्षं होत आली त्या दुपारला. आमची ईरा साडेतीन वर्षांची होती. मंजिरी शाळेत शिकवायला जायची, म्हणून बालवाडी सुटली की ईराला तुमच्याकडे पोचवायचं काम माझं. त्या दिवशी ऑफिसला रजा टाकून मी सकाळपासूनच पीत बसलो होतो. तरी वेळेवर गेलो हो! त्याचाच मला अभिमान. तिला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि झोकांड्या खात तुमच्या फाटकाशी आलो. ईराला वाटलं बाबा गंमत करताहेत. ती हसत होती.

तुम्ही अंगणात साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होतात. हात तसेच चिकट. उठलात, ईराला उचललंत, स्कूटरची किल्ली काढून कमरेला खोचलीत. "श्रीकांत, उतर."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. तोवर मी 'श्रीकांतराव, तुम्ही' होतो. मला दारूत राग कशाचा आला असेल तर त्या 'उतर'चा! जावयाला असं बोलतात का? पुढे कधीच तुम्ही मला 'राव' म्हणाला नाहीत. आज कळतं, त्या दुपारी मी तुमच्या घरचा पाहुणा राहिलो नाही.

मंजिरी त्याच संध्याकाळी ईराला घेऊन तुमच्याकडे राहायला आली. आठ दिवसांनी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिची समजूत काढायला आलो. दार तुम्ही उघडलंत.

"मंजिरीला तुला भेटायचं नाहीये," तुम्ही म्हणालात. "चहा झाला का तुझा?"

मी मान हलवली. तुम्ही व्हरांड्यातच चहा दिलात. मी अर्धा कप सांडला. तुम्ही फडक्याने पुसून घेतलंत. मग म्हणालात, "शनिवारी पाच वाजता जवाहर चौकात ये. मी तुझ्याबरोबर येते."

"कुठे?"

"मीटिंगला. दारू सोडलेले लोक जमतात तिथे. बाजूच्या खोलीत घरच्यांची मीटिंग असते. मी तिथे जाते, दोन महिने झाले."

आई, दोन महिने! आम्ही दोघं समजत होतो तुम्ही भजनी मंडळात जाता. मंजिरी तर लोकांना कौतुकाने सांगायची, बाबा गेल्यावर आईने भजनात मन रमवलं म्हणून. आणि तुम्ही टाळ-बिळ काही नाही, शाळेच्या एका वर्गात लहान मुलांच्या बाकावर बसून परक्या बायकांना सांगत होतात, "मेरा जवाई पीता है." चाळीस वर्षं भोपाळात राहून तुमची हिंदी नागपूरच्या पुढे सरकली नाही. पण हे वाक्य तुम्हाला म्हणता आलं. मला 'मैं पीता हूँ' म्हणायला पाच आठवडे लागले.

पहिल्या शनिवारी तर मी दारातूनच परत फिरत होतो. मीटिंगचे जुने सभासद सलीमभाई, घड्याळं दुरुस्त करायचे, ते उठून आले. "बोलना नहीं है तो मत बोलो भैया. बस बैठ जाओ." मी बसलो. पलीकडच्या खोलीतून तुमचा आवाज येत होता. तुम्ही कोणाला तरी मोठ्याने हसवत होतात! मला आश्चर्य वाटलं. माझ्यावर बोलताहेत आणि हसताहेत?

चार महिने मी दारूला शिवलो नाही. आणि मग एका शुक्रवारी काही कारण नसताना प्यायलो. खरंच काही कारण नव्हतं, आई. पगार झाला होता, हवा छान होती. शनिवार, रविवार तसेच गेले. सोमवारी सकाळी उठवेना. तेव्हा मी निर्लज्जासारखा तुम्हाला फोन केला, "ऑफिसात कळवाल का? ताप आहे म्हणून सांगा." पूर्वी तुम्ही किती वेळा सांगितलं होतंत! मला तुमच्या कृपेने मलेरिया दोनदा झाला होता.

मी एकटा राहत होतो त्या खोलीवर तुम्ही रिक्षा करून आलात. माझाच फोन उचलून माझ्या हातात दिलात. "मी खोटं बोलणार नाही आता. तू सांग."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल कदाचित."

"मग तुमच्या मुलीचा संसार कसा राहील?"

"माझ्या थापांनी राहणार असता, तर केव्हाच राहिला असता रे."

मी तुम्हाला नको ते बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही खुर्ची ओढून बसून राहिलात. तासाभराने मी साहेबांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छुट्टी लो, इलाज कराओ. काग़ज़ लेकर आना." फोन ठेवून मी रडलो. तुम्ही मला जवळ वगैरे घेतलं नाहीत. म्हणालात, "तोंड धू. केंद्रावर जायचंय." तेवढं मला अजून थोडं लागतं, आई. डोक्यावरून एकदा हात फिरवला असता तर काय बिघडलं असतं?

पण व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर होतो, तेव्हा भेटीच्या प्रत्येक रविवारी तुम्हीच आलात. एकदा डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात आणलात, वर लसणाच्या फोडणीचं तेल वेगळ्या बाटलीत. माझ्या खोलीतले तिघं गोळा झाले. "अम्मा, ये क्या चीज़ है?" तुम्ही सगळ्यांना वाढलंत. माझ्या वाट्याला जेमतेम दोन घास आले!

तेव्हापासून आजवर मी प्यायलेलो नाही. हे लिहिताना छाती फुगत नाही, फक्त बरं वाटतं.

मंजिरी लगेच नाही आली. वर्षभर तिने मला व्हरांड्याच्या आत घेतलं नाही आणि तुम्ही एकदाही तिला गळ घातली नाहीत. मला वाटायचं, सासूबाई एक शब्द टाकतील तर काय हरकत आहे? मग एका सकाळी तिची बस चुकत होती, ईरा दप्तर घेऊन उभी, आणि मी तुमचं गॅस सिलिंडर पोचवायला आलेलो. मंजिरी घड्याळाकडे बघत म्हणाली, "हिला शाळेत सोडशील?" आई, तुम्ही कणीक मळायची थांबलात. ईराला मागे बसवून मी इतक्या हळू गेलो, की सायकलवाले पुढे गेले. त्या दिवाळीला आम्ही तिघं पुन्हा एका घरात होतो.

तुमचे शनिवार मात्र सुरूच. मी म्हणायचो, "आता कशाला जाता? मी बरा आहे की." तुम्ही म्हणायचात, "तुझ्यासाठी जात नाही मी." कोणासाठी जात होतात, ते आम्हाला तेराव्याला कळलं. अकरा बायका आल्या. त्यांतली एकही मंजिरीच्या ओळखीची नव्हती. एक तरुण मुलगी तुमच्या फोटोकडे बघत म्हणाली, "अम्मा हर इतवार फ़ोन करती थीं. अब कौन करेगा?" 'त्या सगळ्याशी मला संबंध नको' असं नऊ वर्षं म्हणणारी तुमची मुलगी उठली आणि तिने त्या मुलीचा नंबर घेतला. आता शनिवारी आम्ही एकाच स्कूटरवर जातो. मी एका खोलीत, ती दुसऱ्या. तुमच्यासारखी ती हसवत नाही कोणाला, पण ऐकते चांगलं. परतताना जवाहर चौकात कचोरी खातो.

एक भांडण मात्र राहिलंच आहे. मला खरं बोलायला लावणाऱ्या तुम्ही, आणि जिना चढताना धाप लागते हे चार महिने लपवलंत? "वय झालं" म्हणत राहिलात. डॉक्टर म्हणाले, लवकर यायला हवं होतं. तुमच्याच मीटिंगमध्ये हे सांगितलं असतंत, तर त्या बायकांनी तुम्हाला सोडलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मला एकच काम सांगून गेलात, आणि ते मी केलेलं नाही. ईरा तेरा वर्षांची व्हायच्या आत तिला सगळं तू स्वतः सांग, म्हणाला होतात. ती तेरा वर्षांची झाली. परवा तिने विचारलं, "बाबा, ही मीटिंग नक्की कशाची असते?" मी म्हणालो, "सोसायटीची."  तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मंजिरीची जुनी नजर होती. मी खोटं बोललो, हे तिला कळलं.

उद्या पाहुणे जातील. रविवारी सकाळी मी तिला समोर बसवून सांगणार आहे. मंजिरीशी बोललो, ती शेजारी असेल. काही गाळणार नाही, काही गोड करणार नाही. ती रडेल, चिडेल, कदाचित उठून आत जाऊन दार लावून घेईल. घेऊ दे. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन, ती बाहेर येईपर्यंत. हा माझा शब्द.

तुमचा,
श्रीकांत